काळ्या रानाच्या भेगा

वैशाखातील सोलापूरच्या मुलखात आलेल्या परक्या माणसास प्रथम दिसते ती त्याची रिकामी विस्तीर्णता. परंतु ज्याचे बालपण सीना नदीच्या काठच्या काळ्या रानात गेले, त्याची दृष्टी क्षितिजाकडे न जाता आपसूक पायांकडे वळते, कारण ज्वारी निघून गेल्यावर उघडी पडलेली ती जमीन उन्हाने आकसून अशी तडकत जाते, की मनगटापर्यंत हात सहज जावा एवढ्या भेगा तीत पडतात, आणि वर निखारा फुललेला असताना त्या भेगांच्या तळाशी एक निराळाच गार, वस्ती असलेला प्रांत नांदत असतो. उंदीर, विंचू, बेडूक आणि त्यांच्या मागोमाग आलेला साप ही त्या प्रांतातील रयत. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की काळी माती पाणी पिऊन फुगते, भेगा मिटू लागतात, आणि ही सारी रयत बेदखल झालेल्या कुळांप्रमाणे आसरा शोधीत माणसांच्या वस्तीकडे येते.

आमचे घर माळवदाचे होते. खाली दगडी जोते, वर पांढऱ्या मातीच्या हातभर जाड भिंती, लाकडी तुळया, परसात कडब्याची गंजी आणि अंगणाखाली ज्वारीचे पेव. जेथे धान्य तेथे उंदीर, आणि जेथे उंदीर तेथे साप, हा हिशेब चुकत नसे. नागाविषयी घरात आदरयुक्त भय होते. मोहोळच्या नागनाथाची वारी आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या चाललेली, आणि करमाळा तालुक्यातील शेटफळ गावी नाग मारीत नाहीत, ही गोष्ट आजी अशा स्वरात सांगे, की ती ऐकताना अंगणातला काळोखही सोज्ज्वळ वाटावा. फडी उभारून, तिच्यावरचा दहाचा आकडा दाखवून, नाग आपली ओळख आपणच देतो. म्हणून कदाचित त्याला देवत्व मिळाले. परंतु जे साप आपली ओळख देत नाहीत, त्यांच्या वाट्याला ना पूजा आली, ना नीट नाव. ते सगळे एका शब्दात, ‘जनावर’ म्हणून, एकाच काठीखाली येत.

मी नऊ वर्षांचा असताना, आषाढातल्या एका पहाटे, आमच्या सालगड्याचा मुलगा पोट धरून उठला. तो माझ्याच वयाचा होता आणि सोप्यात जमिनीवर वाकळ टाकून निजत असे. अंगावर कोठे सूज नव्हती, रक्ताचा ठिपका नव्हता, आग होत नव्हती. रात्रीचे कालवण बाधले असेल म्हणून आजीने ओवा दिला. मग वाकळ झटकताना हातभर लांबीचा एक काळपट साप खाली पडला आणि काठीखाली मेला. आजोबा वाकून पाहून म्हणाले, “कवड्या आहे. त्याला विखार नसतो.” मुलाचा बाप हात जोडून म्हणाला, “अण्णा, मला मण्यार वाटतीया.” या दोन नावांचा वाद, शेजारपाजारची मते धरून, अर्धा तास चालला असेल. तेवढ्यात मुलाच्या पापण्या जड होऊन मिटू लागल्या, बोलणे घोगरे झाले, आणि बैलगाडी जुंपून सोलापूरच्या वाटेला लागेपर्यंत त्याचा श्वास उथळ झाला होता. तो वाटेतच गेला.

आजोबांनी तो मेलेला साप फेकू दिला नाही. बरणीत घालून ते सोलापुरास एका वृद्ध डॉक्टरांकडे गेले, आणि परतल्यावर मला ओसरीवर बसवून, पाटावर ते कलेवर ठेवून, हातात ज्वारीच्या धाटाची एक काडी दिली. “इथे बघ,” एवढेच ते म्हणाले. मण्यारीच्या निळसर काळ्या अंगावर बारीक पांढरे पट्टे जोडीजोडीने असतात. मानेजवळ ते दिसत नाहीत किंवा पुसट असतात, आणि शेपटीकडे जावे तसे ते ठळक होत जातात. कवड्याचे याच्या उलट: त्याचे पिवळसर पांढरे, रुंद पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे विरत जातात. मण्यारीच्या पाठीच्या कण्यावरची खवल्यांची ओळ इतर खवल्यांहून मोठी व षट्कोनी असते. कवड्याला ती नसते. डॉक्टरांनी आणखी एक इशारा दिला होता, की लहान वयाच्या मण्यारीच्या पुढच्या भागीही पांढरे ठिपके असतात, म्हणून केवळ एका लक्षणावर कोणी विसंबू नये. काडीने मी ते पट्टे मोजले. आजोबा पाहत होते, आणि त्यांच्या डोळ्यांतले पाणी मला त्या वेळी समजले नाही.

त्यानंतर ओळख करून घेणे हे आमच्या घरचे व्रतच झाले. कडब्याच्या पेंढ्या ओढताना कुकरच्या शिट्टीसारखा दीर्घ फुत्कार ऐकू आला, की ती घोणस. तिच्या पाठीवर साखळीच्या कड्यांसारख्या अंडाकृती ठिपक्यांच्या तीन रांगा असतात, आणि तिच्यासारखाच जाड, आखूड दिसणारा डुरक्या घोणस मात्र निर्विष, संथ आणि गरीब असतो. नान्नजच्या माळावर, जेथे १९७९ पासून माळढोकासाठी अभयारण्य आहे, दगड उलथताना अंगाचे खवले एकमेकांवर घासून खरखर आवाज करणारे वीतभर फुरसे मी पाहिले आहे. त्याच्या डोक्यावर बाणासारखी खूण असते. धामण तर धान्याची राखणदारच म्हणावी. तरी नाग समजून सर्वांत अधिक मारली जाते तीच.

सोलापूर हे तीन भाषांचे शहर. पूर्व भागातील विणकर घरांत तेलुगू चालते, अक्कलकोटच्या वाटेवर कन्नड. घोणशीला तेलुगूत रक्तपिंजरी म्हणतात, आणि तिच्या विषाने रक्ताची गोठण्याची शक्तीच नाहीशी होते हे ठाऊक असल्यावर त्या नावातील निरीक्षण पाहून मन थक्क होते. कन्नडमधील कोळकुमंडल हे नाव दंशाच्या जागी सडणाऱ्या मांसाची आठवण ठेवते. ज्यांनी ही नावे ठेवली त्यांनी कोणाची तरी उशाशी बसून शुश्रूषा केली असली पाहिजे. याच्या शेजारी सरकारी दफ्तर ठेवून पाहावे. १८६२ च्या डिसेंबरात रत्नागिरी जिल्ह्यात फुरशांवरचे बक्षीस वाढवून दोन आणे करताच आठ दिवसांत एक लाखाहून अधिक साप मारून हजर करण्यात आले. मुंडकी मोजली गेली, रकमा अदा झाल्या, आणि कोकणात फुरसे आजही आहे.

परंतु या विद्येची मर्यादाही मला सांगितली पाहिजे, कारण ती त्या पहाटेने शिकवली आहे. मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेत सर्पविषाचे अल्प अंश घोड्यांना टोचून त्यांच्या रक्तातून जी प्रतिविषाची लस तयार करीत, तशी आपल्याकडील लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषांवर एकच असते. दंश झाल्यावर डॉक्टर लक्षणे पाहतात, रक्त काचेच्या नळीत वीस मिनिटे ठेवून ते गोठते की नाही ते पाहतात. साप पकडून नेण्याची त्यांना गरज नसते. त्या मुलाच्या बाबतीत आजोबांचे नाव चुकले, हे खरे. पण त्याचे प्राण त्या चुकीने जितके घेतले, त्याहून अधिक त्या अर्ध्या तासाने घेतले. २००० ते २०१९ या काळात देशात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे, आणि तो वाचताना मला दर वेळी एक वाकळ आणि ओव्याची चिमूट दिसते. नाव शोधावे ते दंशाच्या आधी, निवांतपणे, लांबून.

गेल्या ज्येष्ठात, पाऊस येऊ घातलेल्या एका उकाड्याच्या संध्याकाळी, शेजारचा दहा वर्षांचा मुलगा हातात काठी घेऊन ओरडत आला, “आजोबा, मण्यार! भिंतीवर!” मी काठी धरली आणि त्याला माझ्यामागे, चार हातांवर, उभे केले. बॅटरीच्या उजेडात एक सडसडीत तपकिरी साप मातीच्या भिंतीवरच्या खडबडीला धरून वर चढत होता, आणि त्याच्यापुढे तुळईखाली एक पाल निश्चल बसली होती. बराच वेळ आम्ही दोघे काही बोललो नाही. मग मुलाने हळूच म्हटले, “पट्टे मानेपासनंच हायेत. शेपटीकडं न्हाईतच की.” साप तुळईच्या फटीत शिरला, माळवदाची थोडी माती झरझर खाली आली, आणि बाहेर पहिल्या टपोऱ्या थेंबांनी रानाचा वास उठवला. मुलाने बॅटरी खाली वळवली आणि सोप्यात जमिनीवर पसरलेल्या आपल्या अंथरुणाकडे पाहत राहिला. मी भिंतीशी उभी करून ठेवलेली बाज त्याच्यासाठी टाकली.