रात्री अकरानंतर

चिखलीहून मेहकरकडे जाताना एका बंद दुकानाच्या शटरवर ०७२६४ हा आकडा अजून वाचता येतो. पिवळ्या पट्ट्यावर काळ्या अक्षरांत एसटीडी, आयएसडी, पीसीओ. त्याखाली हा कोड आणि पुढे पाच आकडी नंबर. नंतर सगळ्याच नंबरांच्या डोक्यावर एक २ चढला आणि ते सहा आकडी झाले, म्हणजे पाटी त्याच्याही आधीची. गाडी पुढे निघून गेली, पण आकडा माझ्याबरोबर आला. त्याच्या मागचे-पुढचे मी मनात म्हणत बसलो. लोणार ०७२६०. देऊळगाव राजा ०७२६१. बुलढाणा ०७२६२. खामगाव ०७२६३. चिखली ०७२६४. शेगाव आणि नांदुरा ०७२६५. जळगाव जामोद ०७२६६. मलकापूर ०७२६७. मेहकर ०७२६८. सिंदखेड राजा ०७२६९. शून्यापासून नवापर्यंत सगळे आकडे आमच्या बुलढाणा जिल्ह्यानेच घेतलेले. घाटावरचे तालुके आले, घाटाखालचेही आले, एकही आकडा उरला नाही.

मला हे कोड पिनकोडपेक्षा जवळचे वाटतात. पिनकोडला नुसतं ठिकाण ठाऊक असतं. एसटीडी कोडला अंतरही कळायचं आणि त्या अंतराची किंमतही. चिखलीहून बुलढाण्याला बोलायचं तरी आधी शून्य फिरवायचा आणि मुंबईला बोलायचं तरी शून्यच. फरक पडायचा तो मीटरमध्ये. बुलढाण्याला लावलं की काचेच्या केबिनमधले लाल आकडे सावकाश बदलायचे, मुंबईला लावलं की भरभर. दूर म्हणजे किती दूर, हे त्या लाल आकड्यांकडे बघूनच आमच्या पिढीला समजलं.

याच तारेवरून आणि याच मीटरवर कॉम्प्युटरही एकमेकांशी बोलत होते. इंटरनेट घराघरांत येण्याआधीची ती गोष्ट आहे आणि ती नीट सांगितली गेलेली नाही असं मला वाटतं.

टेलिफोनची तार टाकली गेली ती माणसाच्या बोलण्यासाठी. साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढीच पट्टी तिच्यातून पलीकडे पोचते, कारण माणसाचं बोलणं समजायला तेवढी पुरते. कॉम्प्युटरला त्या तारेवरून जायचं तर त्याला याच पट्टीत गावं लागे. मोडेमचं काम तेच. अलीकडच्या मोडेमने शून्य-एकचे सूर करायचे, पलीकडच्याने त्या सुरांचे पुन्हा शून्य-एक करायचे. आधी पलीकडून एक लांब, सपाट शिट्टी यायची, मग दोघांची खरखर, आणि मग स्पीकर गप्प. गप्प झाला म्हणजे जुळलं. सुरुवातीचे मोडेम सेकंदाला ३०० बिट नेत, मग १२०० आले, मग २४००. २४०० चा मोडेम सेकंदाला साधारण २४० अक्षरं नेई. एक भरगच्च पान आठ-दहा सेकंदांत जायचं आणि ते आम्हाला नवल वाटायचं. आज मोबाइलवर सहज काढलेला तीन एमबीचा एक फोटो त्या वेगाने पाठवायचा तर साडेतीन तास लागतील.

आपल्याकडे याची सुरुवात जुहू आणि पवईच्या मध्ये झाली. १९८६ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने अर्नेट नावाचा प्रकल्प हाती घेतला. त्यात आयआयटी होत्या, बंगळुरूची विज्ञान संस्था होती आणि जुहूची एनसीएसटी ही सॉफ्टवेअर संस्था होती. एनसीएसटीचे प्रमुख होते डॉ. श्रीनिवासन रमणी. तिथून पवईच्या आयआयटीशी साध्या टेलिफोनवरून डायल करून ई-मेल जाऊ-येऊ लागली. यूयूसीपी नावाची त्यामागची पद्धत मोठी समजूतदार होती. तार सतत जोडलेली नसते हे तिने गृहीतच धरलेलं. पत्रं मशिनात साठवायची, ठरलेल्या वेळी फोन लावायचा, गठ्ठा द्यायचा, गठ्ठा घ्यायचा आणि फोन ठेवायचा. पत्ता लिहिताना नुसतं माणसाचं नाव चालत नसे. कोणत्या मशिनातून कोणत्या मशिनात जायचं तो सगळा रस्ता मध्ये उद्गारचिन्हं घालून लिहावा लागे. एनसीएसटीच्या मशिनाचं नाव होतं शक्ती. परदेशातून येणारं पत्र शक्तीपर्यंत यायचं आणि तिथून पुढे. पत्र लिहिणाऱ्याला आपलं पत्र कुठून कुठे जातंय हे ठाऊक असायचं, ही गोष्ट मला अजून हेवा वाटावा इतकी आवडते.

आमच्या जिल्ह्यात सरकारी जाळं आलं ते मात्र तारेवरून आलं नाही. एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेने १९८० च्या दशकाच्या अखेरीला जिल्ह्याच्या ठिकाणी उपग्रहाच्या तबकड्या बसवायला सुरुवात केली, कारण गावोगावच्या टेलिफोन लाइनीवर भरवसा ठेवणं अवघड होतं. आकाशातून आलेल्या गोष्टीशी या जिल्ह्याचं नातं तसंही जुनं आहे. लोणारच्या काळ्या खडकातला तो पावणेदोन किलोमीटरचा खड्डा त्याची साक्ष आहे. पण तबकडी कलेक्टर कचेरीची होती. बाकीच्यांना तारच होती.

माझा आतेभाऊ खामगावला असे. त्याच्या खोलीत एक कॉम्प्युटर होता आणि त्याला जोडलेला, आम्हा पोरांना हात लावायला बंदी असलेला मोडेम. मुंबईत तेव्हा हौशी मंडळींनी चालवलेले बीबीएस होते. बीबीएस म्हणजे कुणाच्या तरी घरातला, रात्रभर चालू ठेवलेला, फोनला जोडलेला कॉम्प्युटर. तुम्ही फोन लावायचा, निरोप वाचायचे, आपले ठेवायचे, एखादी फाइल उतरवून घ्यायची आणि बाहेर पडायचं, म्हणजे लाइन दुसऱ्यासाठी मोकळी होई. ही कल्पना शिकागोची. १९७८ च्या जानेवारीत तिथे मोठं हिमवादळ झालं, लोक घरात अडकले आणि वॉर्ड ख्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस या दोघांनी त्या सक्तीच्या सुट्टीत पहिला बीबीएस बांधायला घेतला. फेब्रुवारीत तो सुरूही झाला. पुढे १९८४ मध्ये टॉम जेनिंग्ज यांनी फिडोनेट काढलं. त्यात असे घरगुती कॉम्प्युटर रात्री, दर उतरल्यावर, एकमेकांना फोन लावून निरोपांची टपाल पुढे पोचवीत. दर उतरल्यावर! म्हणजे अमेरिकेतही ते घड्याळाकडे बघतच बसत होते.

आमच्याकडे पाव दर लागायचा रात्री अकरानंतर. दिवसा पूर्ण दर; संध्याकाळी तो टप्प्याटप्प्याने उतरायचा आणि अकरा वाजले की पाव. आत्याच्या घरासमोरच एक बूथ होता. चालवणारे गृहस्थ कुबड्या घेऊन चालत. अपंगांना असे बूथ देण्यात प्राधान्य असे, त्यातून मिळालेला. सगळे त्यांना भाऊ म्हणत. दहा-साडेदहापासून बूथसमोर माणसं जमायला लागायची. बाकड्यावर तीन-चार जण, बाकीचे पायरीवर, कुणी सायकलला टेकून. कुणाचा मुलगा सुरतेला, कुणाची लेक कल्याणला दिलेली. हातात चिठ्ठी, चिठ्ठीवर नंबर. भाऊ घड्याळाकडे बघत. अकराला दोन मिनिटं कमी असताना कुणी केबिनमध्ये शिरलं तर ते मागे बोलवत, "थांबा न बाप्पा, दोन मिनिटांत पाव होते." आपला धंदा कमी होतो याचा विचार त्या माणसाने केलेला मी कधी पाहिला नाही.

आणि इकडे माडीवर आम्हीही त्याच अकराची वाट बघत असू. आतेभावाचं उत्तर आधीच लिहून तयार असे. लाइन जोडलेली असताना लिहीत बसणं म्हणजे पैसे जाळणं, म्हणून सगळं आधी लिहायचं, वाचायचं, खोडायचं, पुन्हा लिहायचं. अकरा वाजले की तो डायल करायचा. खामगावला तेव्हा बटणांच्या सुरांवर चालणारं एक्स्चेंज नव्हतं, मोडेम ठोके देऊन नंबर फिरवायचा. आकडा जितका तितके ठोके, आणि शून्याचे दहा. मुंबईसाठी शून्य-दोन-दोन: दहा ठोके, थांबा, दोन, थांबा, दोन. मग पुढचा नंबर. मी ठोके मोजून नंबर ओळखायला शिकलो होतो. बहुतेक वेळा पलीकडे एंगेज. तिथे एकच लाइन आणि सगळ्या महाराष्ट्राचे अकरा एकदमच वाजलेले. पुन्हा ठोके. मग केव्हातरी ती शिट्टी.

खिडकी उघडी असायची. खालच्या केबिनचं दार नीट बसत नसे, आणि मुंबईला बोलायचं म्हणजे मुंबईला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानेच बोलायचं असा सगळ्यांचा समज. त्यामुळे खालचं सगळं वर ऐकू यायचं.

"हॅलो. हाव. मी बोलून राह्यलो. आयकू येते का? ... मनीऑर्डर भेटली. हाव. ... मायची तब्येत बरी हाय. ... काय म्हणलं? ... नाही आयकू आलं, पुन्हा सांग. ... हाव. हाव. ठेवतो मग, पैसे पडून राह्यले."

वर मोडेम नेमकं हेच करीत होता. वॉर्ड ख्रिस्टेन्सन यांनी बीबीएसच्या आदल्या वर्षी, १९७७ मध्ये, फाइल पाठवण्याची एक्समोडेम नावाची रीत बसवली होती. फाइलचे १२८ बाइटचे तुकडे करायचे. एक तुकडा पाठवायचा, सोबत त्याची बेरीज. पलीकडच्याने बेरीज करून बघायची. जुळली तर एक खूण परत पाठवायची: मिळालं. नाही जुळली तर दुसरी: नाही मिळालं, पुन्हा दे. खूण आल्याशिवाय पुढचा तुकडा जात नाही.

मला पहिल्यांदा हे समजावून दिलं गेलं तेव्हा माझी आजी आठवली. ती गोष्ट सांगायची ती अंगणात, बाजेवर, दिवे मालवल्यावर. गोष्ट ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा असा तिचा दंडक होता. "एक होता राजा." "हं." "त्याला सात राण्या." "हं." आमच्यातला एकेक झोपत जायचा, हुंकार विरळ व्हायचे. शेवटी एकच जण उरायचा. बहुधा मीच, कारण मला शेवट हवा असायचा. माझाही हुंकार चुकला की आजी थांबायची, मागचं वाक्य पुन्हा सांगायची. दोनदा सांगून "हं" आला नाही तर गोष्ट तिथेच बंद. पाऊस पडत असला तर पत्र्यावरच्या आवाजात तिला आमचा हुंकार ऐकू जात नसे, मग ती विचारायची, "हायेस का रे?" अंधारात आपलं बोलणं कुणापर्यंत पोचतंय याची तिला खात्री लागायची, आणि ती मिळाल्याशिवाय ती सातव्या राणीला वनवासात धाडत नसे. शिकागोच्या त्या माणसालाही तेच हवं होतं.

पावसाळ्यात लाइनवर खरखर वाढे. पडद्यावर मजकुराच्या मध्येच महिरपी कंस आणि नागमोडी रेघा उगवायच्या, कुणी न टाइप केलेल्या. घरात कुणी दुसरा रिसीव्हर उचलला तर सगळंच तुटायचं. एक्समोडेम तोच तोच तुकडा पुन्हा पुन्हा पाठवत राहायचा आणि दहादा पाठवूनही खूण आली नाही की सोडून द्यायचा. दहादा! एवढा धीर आता कुठलं यंत्र दाखवतं?

खामगावला या सगळ्याचं फार अप्रूप नसावं, कारण दूरच्या बातमीवर ते गाव आधीपासून जगलेलं आहे. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावात आले, ते जलंब-खामगाव या जेमतेम आठ मैलांच्या रेल्वे फाट्याच्या आणि कापसाच्या बाजाराच्या उद्घाटनासाठी. रुळांबरोबर तारही आली. त्याच वर्षी ग्रेट ईस्टर्न या अवाढव्य जहाजाने मुंबईहून एडनपर्यंत समुद्राखालून तार टाकली आणि मुंबई थेट इंग्लंडशी जोडली गेली. वऱ्हाडातल्या कापसाचा भाव लिव्हरपूलला ठरायचा आणि तो गाडीभर कापूस घेऊन आलेल्या माणसाच्या आधी बाजारात पोचायचा. पुढे मुंबईत न्यूयॉर्कच्या कापूसबाजाराचे उघडते-बंद आकडे टेलिप्रिंटरवर येत, लोक त्यावर पैसे लावत. मटका त्यातूनच निघाला. तारेवरून आधी काय आलं? कापसाचा आकडा. विचारपूस त्याच्या कितीतरी नंतर आली. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिलं तर त्या तारेने त्याचं भलं केलं असं मला म्हणवत नाही. भाव कळणं आणि भाव मिळणं यांतलं अंतर कुठल्याच तारेने कमी केलेलं नाही.

१५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास. विद्यार्थ्यांना ५०० रुपयांत नुसती अक्षरं दिसणारं खातं मिळे, चित्रं दिसणारं १५,००० चं. खामगावच्या माणसाला मात्र त्या दारापर्यंत जायलाही मुंबईचा एसटीडीच लावावा लागे, म्हणजे पुन्हा अकराची वाट. बीबीएस हळूहळू ओस पडले. भाऊंचा बूथही मोबाइल आल्यावर बंद झाला.

त्या अकरानंतरच्या पत्रांसारखी पत्रं मला नंतर आली नाहीत. तेव्हा मराठी लिहायची ती इंग्रजी अक्षरांत, देवनागरी त्या तारेवरून सहज जात नसे, आणि तरी ती पत्रं पूर्ण असत. सुरुवात, मजकूर, शेवट. माणूस लिहून झाल्यावर जोडला जायचा. आता आधी जोडला जातो आणि मग काय लिहावं ते शोधतो. किंमत होती म्हणून ती शिस्त होती हे मला मान्य आहे, आणि ती किंमत गेली हे फार चांगलं झालं, कारण पायरीवर चिठ्ठी घेऊन बसलेल्या त्या बाईला लेकीशी बोलायला अकरापर्यंत जागावं लागू नये. पण शिस्त फुकटातही ठेवता आली असती.

त्या वर्षांत बुलढाणा जिल्ह्यातून ज्यांनी रात्री मोडेम लावले, त्यांच्या माळ्यावर फ्लॉप्या पडलेल्या असणार. त्यांत ती पत्रं आहेत. फ्लॉपीचा चुंबकी थर कायम टिकत नाही आणि दमट कपाटात त्याला बुरशी धरते. जुने ड्राइव्ह जुन्या बाजारात अजून मिळतात. भंगारवाला येण्याआधी त्या उतरवून घ्या, आणि कुणाला कधी फोन लावायचात, काय लिहायचात, तेही शेजारी लिहून ठेवा.