झोजिलापलीकडची थंडी

श्रीनगर ते कारगिल हा सफर सुमारे 200 किलोमीटरचा. सोनमर्गपर्यंत हिरवळ, पुढे 3,528 मीटर उंचीचा झोजिला ओलांडला की झाडे संपतात आणि द्रासचा बोचरा वारा सुरू होतो.

मोटारसायकलवर आधी बोटे बधिर होतात. बधिर बोटांनी ब्रेक दाबायला उशीर होतो आणि घाटाच्या वळणावर तोच जिवावर बेततो. म्हणून निघण्यापूर्वी हँडलला गरम होणाऱ्या मुठी बसवून घ्याव्यात. वायर थेट बॅटरीला नको. मध्ये फ्यूज आणि रिले हवा, म्हणजे चावी बंद होताच मुठीही बंद. नाहीतर मुक्कामात बॅटरी उतरते. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून वायर ताणली जात नाही ना, सोडलेला ॲक्सिलरेटर आपोआप मागे येतो ना, हे मेकॅनिकसमोरच पाहावे. हातमोजे तरीही लागतातच. वारा बोटांच्या पाठीवर लागतो.

द्रासला फजरच्या वुजूनंतर बोटे किती वेळ सुन्न राहतात, हे अनुभवल्याशिवाय कळत नाही. अल्लाहवर तवक्कुल हवाच, पण तदबीर आपल्या हातात आहे. मागच्या सीटवर घरचे माणूस असेल, तर ती अमानतही आपल्याच हातात.