कॅप की व्हेनियर?

कॅप म्हणजे दाताची टोपी. दात चारही बाजूंनी एक-दोन मिलिमीटर घासून लहान करायचा आणि वर टोपी बसवायची. व्हेनियर म्हणजे दर्शनी बाजूला चिकटवलेली नखासारखी पातळ पापडी. त्यासाठी समोरून साधारण अर्धा मिलिमीटर घासलं की पुरतं. एवढं कळायला मला दोन दवाखाने करावे लागले.

शाळेच्या पायरीवर पडले आणि वरच्या पुढच्या दाताचा कोपरा उडाला. मी उर्दू आणि मराठी शिकवते. 'फूल'चा फ दोन्ही ओठांचा, तर 'फ़सल'चा फ़ वरचे दात खालच्या ओठाला टेकवून, हे मुलांना तोंड उघडून दाखवावं लागतं. आता मुलं अक्षर सोडून दातच बघत बसत. 'स' म्हणताना शिट्टी वाजायची ती वेगळीच.

पहिल्या डॉक्टरांनी कॅप सुचवली. वर म्हणाले, "शेजारचे दोनही घेऊ, तिन्ही एकसारखे दिसतील." अम्मी सोबत होती. जिना उतरताना म्हणाली, "टूटा एक है, घिसेंगे तीन?"

सौंदर्यासाठी दात घासून फटी पाडून घेणाऱ्यांची हदीसमध्ये निंदा आहे. पण अरफजा बिन असअद या सहाबींचं नाक लढाईत कापलं गेलं, चांदीच्या नाकाला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा पैगंबरांनी (स.) त्यांना सोन्याचं नाक बसवायला सांगितलं, हेही हदीसमध्येच आहे. मी आलिमा नाही. तरी तुटलेलं दुरुस्त करणं आणि धडधाकट दात शोभेसाठी घासणं यातला फरक मला त्या जिन्यातच पटला.

दुसऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, दाताला गार लावून पाहिलं. नस जिवंत होती, दात बराचसा शाबूत होता. त्यांनी विचारलं, "रात्री दात खाता का?" खात असते तर व्हेनियर तडकण्याची भीती होती. नस मेली असती किंवा अर्ध्याहून जास्त दात गेला असता, तर कॅपच बरी, असं ते म्हणाले. रूट कॅनल झालेल्या माझ्या दाढेला त्यांनी स्वतःच कॅप बसवली. तिथे चावण्याचा जोर असतो, पोकळ झालेली दाढ उभी चिरते.

घासलेलं एनॅमल पुन्हा येत नाही, हे मात्र त्यांनी दोनदा सांगितलं. मी एकाच दाताला व्हेनियर लावून घेतलं. पुढेमागे ते बदलावं लागेल. शेजारच्या दोन दातांना कुणी हात लावलेला नाही.