मधला घोडा

समजा, अ आणि ब या दोन सारख्याच संख्या आहेत.

अ = ब
दोन्ही बाजूंना अ ने गुणा: अ² = अब
दोन्हीकडून ब² वजा करा: अ² − ब² = अब − ब²
अवयव पाडा: (अ − ब)(अ + ब) = ब(अ − ब)
दोन्हीकडचा (अ − ब) उडवा: अ + ब = ब
अ आणि ब सारखेच, म्हणून: २ब = ब
ब ने भागा: २ = १

नववीत असताना क्लासमधल्या एका मुलाने हे मला वहीच्या शेवटच्या पानावर करून दाखवलं. रात्रभर माझं डोकं भणभणत होतं. दुसऱ्या दिवशी सरांना विचारलं. सर म्हणाले, "अ वजा ब म्हणजे शून्य. शून्याने भागायचं नाही. नियम आहे." आणि फळा पुसून पुढचं गणित घेतलं.

उत्तर बरोबर होतं. पण 'नियम आहे' हे काही उत्तर नव्हे. सोसायटीच्या लिफ्टमध्ये कुत्रा आणायचा नाही, हाही नियमच असतो. पुढे इंजिनिअरिंगला एम-थ्रीमध्ये लाप्लास झालं, फूरिये झालं, तरी शून्याने का भागायचं नाही हे कोणी सांगितलं नाही. परीक्षेत ते येत नाही ना.

खरं म्हणजे गोष्ट सोपी आहे. भागाकार म्हणजे गुणाकाराचं अनडू. ७ ला ३ ने गुणलं, २१ आले. २१ ला ३ ने भागलं, ७ परत. पण ७ ला शून्याने गुणलं की शून्य, ९ ला गुणलं तरी शून्य, तुमच्या पगाराला गुणलं तरी शून्यच. आता हातात फक्त शून्य आहे. त्यावरून आधी काय होतं ते सांगा पाहू. माहिती पुसली गेली आहे. बॅकअप नसलेली फाईल डिलीट केल्यावर अनडू दाबण्यासारखं आहे ते. '१ × ० = २ × ०' हे विधान शंभर टक्के खरं आहे. त्यातला शून्य उडवला की २ = १. वरची सिद्धता म्हणजे एवढंच, फक्त शून्याला (अ − ब) असा मास्क घातलेला.

आणि हे आपल्याकडच्या मोठमोठ्या लोकांनाही छळत होतं. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये शून्याचे नियम लिहिले. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, सगळं आजही चालेल असं. मग भागाकार आला आणि त्याने सांगितलं की शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य. पुढे बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी शून्य छेद असलेल्या राशीला 'खहर' असं नाव दिलं. या राशीत काहीही मिळवा, काहीही काढा, ती बदलत नाही, असं ते म्हणतात. लॅपटॉपवर ब्राउझरचा कन्सोल उघडून जावास्क्रिप्टमध्ये १ भागिले ० करून बघा. 'इन्फिनिटी' असं उत्तर येतं. त्यात ५ मिळवा, पुन्हा इन्फिनिटी. हजार वजा करा, इन्फिनिटीच. सन १९८५ च्या आयईईई ७५४ या मानकात फ्लोटिंग-पॉइंट आकडेमोडीचे जे नियम ठरले, त्यात आपला खहर जवळजवळ जसाच्या तसा आहे. मात्र ० भागिले ० ला तिथे शून्य येत नाही, 'नॅन' येतं, म्हणजे 'ही संख्याच नाही'. आणि नॅन स्वतःशीही बरोबर नसतं: नॅन = नॅन का, असं विचारलं तर मशीन 'नाही' म्हणतं. त्याचा टाईप विचारला तर मात्र 'नंबर'! पहिल्या नोकरीत एका रिपोर्टमध्ये रुपयाच्या चिन्हापुढे नॅन छापून आलं होतं. सकाळी ग्राहकाने विचारलं, "ये नॅन रुपया कितना होता है?"

भास्कराचार्यांची आणखी एक गंमत 'लीलावती'त आहे. गणित असं: एका संख्येला शून्याने गुणलं, त्यात त्याचंच अर्ध मिळवलं, आलेल्याला ३ ने गुणलं, मग शून्याने भागलं, तर ६३ आले. संख्या कोणती? उत्तर दिलंय १४. कसं? शून्याने गुणायचं, पण शून्य लगेच गिळू द्यायचा नाही, बाजूला धरून ठेवायचा. १४ चं दीडपट २१, त्याचं तिप्पट ६३, आणि शेवटी वरचा शून्य आणि खालचा शून्य एकमेकांत काटायचे. नववीच्या सरांनी यावर लाल गोळा काढला असता, कारण ही तर (अ − ब) उडवण्याचीच पायरी. पण त्या शून्याच्या जागी 'अगदी लहान, तरी शून्य नाही' अशी राशी ठेवली, काटली, आणि मग तिला शून्याकडे जाऊ दिलं, तर तो कॅल्क्युलस होतो. या प्रकाराचा ग्रहगणितात मोठा उपयोग आहे, असंही भास्कराचार्य तिथेच सांगतात. म्हणजे एकच पायरी एका ठिकाणी फसवणूक आणि दुसऱ्या ठिकाणी पुढच्या पाचशे वर्षांची चाहूल. चाळीसगावजवळ पाटण्याच्या देवळात एक शिलालेख आहे, सन १२०७ चा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याची ती नोंद. तिथल्या एखाद्या पोराने त्या १४ वर 'असं कसं?' म्हणून विचारलं असेल का, हे मला फार जाणून घ्यायचं आहे.

काही गोष्टी याच्या उलट असतात. दिसतात खोट्या, असतात खऱ्या. ०.९९९... हे कधीच न संपणारं लिहीत गेलात तर ते बरोबर १ असतं. 'जवळपास' नव्हे, बरोबर. (१/३ म्हणजे ०.३३३..., हे मान्य असेल तर त्याला तीनने गुणा.) ऑफिसमध्ये यावरून मी माणसांना चहा थंड होईपर्यंत भांडताना पाहिलंय. आणि १ + २ + ३ + ... = −१/१२ तर इन्स्टावर दर महिन्याला नव्याने व्हायरल होतं. रामानुजनने १९१३ साली हार्डीला पत्रात हे लिहिलं तेव्हा, हे वाचून तुम्ही मला वेड्यांच्या इस्पितळाचा रस्ता दाखवाल, अशा अर्थाचं वाक्यही जोडलं होतं. तिथे चूक नाही. 'बेरीज' या शब्दाचा अर्थ बदललेला आहे. रील बनवणारे तेवढंच सांगायचं सोडून देतात.

पण या सगळ्यात माझी सर्वांत आवडती फसवी सिद्धता घोड्यांची. जॉर्ज पोल्या या गणितज्ञाने १९५४ च्या पुस्तकात ती मुलींच्या डोळ्यांच्या रंगावर मांडली होती. पुढे तिचे घोडे झाले.

दावा: जगातले सगळे घोडे एकाच रंगाचे आहेत.

एक घोडा घ्या. तो स्वतःच्याच रंगाचा. झालं. आता समजा, कुठल्याही दहा घोड्यांचा रंग सारखाच असतो हे पटलेलं आहे. मग अकरा घोडे रांगेत उभे करा. पहिल्याला बाजूला काढा. उरले दहा, म्हणून सगळे एकाच रंगाचे. त्याला परत आणा आणि शेवटच्याला काढा. पुन्हा दहा, पुन्हा एकच रंग. मधले घोडे दोन्ही गटांत होते, म्हणून पहिल्याचा आणि शेवटच्याचा रंगही तोच. अकराही सारखे. याच रीतीने अकरावरून बारा, बारावरून तेरा, आणि जगातले सगळे.

दहावरून अकरावर जाताना काहीही चूक नाही. हजारावरून हजार एकवर जातानाही नाही. साखळी तुटते ती फक्त एका जागी, एकावरून दोनवर जाताना. दोन घोडे. पहिला काढला, दुसरा उरला. दुसरा काढला, पहिला उरला. आणि मधले? मधे कोणी नाहीच. दोन्ही गटांना जोडणारा घोडा जन्मालाच आलेला नाही, आणि पुढची सगळी रांग त्याच्या पाठीवर उभी आहे. चूक शोधायला आपण रांगेच्या लांब टोकाकडे, अनंताकडे बघत बसतो. असते ती दारातच.

माझ्या मामाचं सोलापुरात चादरी-टॉवेलचं छोटं दुकान आहे. हिशोबाला पक्का माणूस. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत गेलो तर त्याच्याकडे एक चकचकीत फोल्डर आलं होतं. दहा हजार भरून सभासद व्हायचं, पाच जण आणायचे. दर माणसामागे तीन हजार मिळणार, म्हणजे पंधरा. मुद्दल सुटून वर पाच. त्या पाचांनी आपापले पाच आणले की त्यातलंही थोडं आपल्याकडे. सेमिनारमध्ये सांगितलेलं मामाने मला जसंच्या तसं ऐकवलं: "तू पाच आणलेस. तुझे पाच जण तुझ्यासारखेच ना? मग तुला जे जमलं ते त्यांना जमणारच. आणि त्यांच्या पाचांनाही."

मी ऐकतच राहिलो. घोडेच होते हे. एकाला जमलं तर पुढच्याला जमतं, म्हणून सगळ्यांना.

मामाने तोवर स्वतःचे, मामीचे आणि मामेभावाचे मिळून तीस हजार भरले होते. वरच्या दर्जाचं सभासदत्व तीन लाखांचं होतं, आणि त्यासाठी मामीच्या पाटल्या गहाण ठेवायचं चाललं होतं.

मी फोनवर कॅल्क्युलेटर काढला. पाच, पंचवीस, सव्वाशे. नवव्या पायरीला साडेएकोणीस लाख माणसं लागतात, म्हणजे २०११ च्या जनगणनेतल्या सोलापूर शहराच्या दुपटीहून जास्त. तेराव्या पायरीला १२२ कोटी. त्याच जनगणनेत अख्खा भारत १२१ कोटींचा होता.

मामाने आकडे नीट बघितले. मग म्हणाला, "अरे, पण तेराव्या पायरीचं मला काय करायचंय? मी चौथ्या पायरीवर आहे."

यावर काय बोलणार? त्याच्यापुरतं ते बरोबरच होतं. अशा योजनेत वरच्यांना पैसे मिळतात, म्हणून तर ती चालते. माझी सिद्धता गणिताच्या पेपरात पूर्ण मार्कांची होती आणि त्या खोलीत तिची किंमत शून्य होती.

मामी पणत्यांच्या वाती वळत बसली होती. तिने मान वर न करता विचारलं, "अहो, तुमचे पाच कोण?"

"म्हणजे?"

"नावं सांगा ना. पाच आणायचेत म्हणता. कोण कोण?"

मामाने बोटं मोडायला सुरुवात केली. "दाजी एक." म्हणजे माझे वडील. "हा दुसरा." म्हणजे मी. "दुकानातला पोरगा..." इथे तो जरा अडखळला. त्या मुलाचा पगार महिन्याला नऊ हजार. "शेजारच्या काकू..." म्हणाला, आणि मग बोललाच नाही. त्या काकूंचे मिस्टर आदल्या वर्षी गेले होते. विम्याचे पैसे आले आहेत हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं.

मामी वाती वळत राहिली. चौथं बोट तसंच अर्धवट मुडपलेलं ठेवून मामा थोडा वेळ बसला, मग उठून दुकानात गेला.

कोड लिहिताना आम्ही हेच करतो. दहा लाख नोंदींवर प्रोग्राम चालेल का ते नंतर बघायचं. आधी रिकामी यादी देऊन बघ, मग एक नोंद, मग दोन. निम्मे बग तिथेच पकडले जातात. मामीला इंडक्शन माहीत नाही. तिने सरळ दोन घोडे उभे करायला सांगितले.

पाटल्या घरातच राहिल्या. तीस हजारांपैकी एक रुपया परत आला नाही. काही महिन्यांनी त्या ऑफिसला कुलूप लागलं. मामाला आणणारा माणूस त्याच्याच शाळेतला दोस्त होता, त्याचे तर दीड लाख गेले. दोघं अजून बोलतात, पण त्या विषयावर नाही.

तेव्हापासून मामाला या फसव्या गणितांचा नाद लागला आहे. कुठूनतरी व्हिडिओ शोधून मला पाठवतो आणि खाली लिहितो, 'चूक कुठंय?' मी लगेच उत्तर दिलं तर चिडतो. मागच्या महिन्यात त्याला ६४ = ६५ वालं कोडं मिळालं. ते दीडशे वर्षं जुनं आहे. ८ बाय ८ चा चौरस कापून चार तुकडे करायचे, दोन त्रिकोण आणि दोन तिरपे चौकोन. तेच चार तुकडे दुसऱ्या रीतीने जोडले की ५ बाय १३ चा आयत होतो. चौरसाचं क्षेत्रफळ ६४, आयताचं ६५. एक घर आलं कुठून?

त्याने मला विचारलं नाही. चादरीच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला, दोन-दोन सेंटिमीटरची घरं आखली आणि कटरने तुकडे कापले. त्रिकोणाची तिरकी बाजू आठ घरांत तीन चढते, चौकोनाची पाच घरांत दोन. म्हणजे ०.३७५ आणि ०.४. डोळ्याला एकच रेघ दिसते, पण ती एक नसते. आयताच्या कर्णावर एक लांबलचक, सुईसारखी फट राहते. ते जास्तीचं घर त्या फटीत सांडलेलं असतं.

रात्री अकराला फोटो आला. अंधाऱ्या खोलीत तुकडे उभे धरलेले, मागून मोबाईलचा टॉर्च, आणि भिंतीवर उजेडाची एक बारीक तिरकी रेघ. खाली लिहिलं होतं: 'रुंदात रुंद दोन मिलिमीटर. पट्टीने मोजलं. मामीला दाखवतोय तर म्हणते आधी लाईट लावा.'