पाच फूट बर्फाचा फेब्रुवारी

बेंगळुरूत पहाटेचा पारा 14-15 अंशांवर आला की आमच्या गल्लीत कानटोप्या बाहेर पडतात. समोरच्या अक्का म्हणतात, "तुंबा चळी!" म्हणजे खूप थंडी. मीही शाल घट्ट ओढून घेते आणि मनात हसते. या शहराचा आजवरचा नीचांक 7.8 अंशांचा, तोही 13 जानेवारी 1884 चा. मी मात्र ज्या महिन्याचं सरासरी तापमानच उणे 7 अंश होतं, तो बॉस्टनमध्ये काढून आले आहे. फेब्रुवारी 2015.

लेकीच्या बाळंतपणासाठी गेले होते. बॅगेत डिंक, अळीव, खारीक, बाळंतशोपा आणि जुन्या साड्यांची दुपटी. जानेवारीच्या मध्यावर पोहोचले तेव्हा रस्ते कोरडेच होते. यंदा बर्फ बघायला मिळतो की नाही, अशी मला शंका! 26-27 जानेवारीच्या वादळात दोन फुटांहून जास्त बर्फ पडला आणि शंका फिटली. मग 2 फेब्रुवारीला, पुन्हा 7 ते 10, पुन्हा 14-15. दर आठवड्याला एक वादळ.

जावयांनी नीट समजावून सांगितलं. उत्तर ध्रुवाकडची गार हवा अमेरिकेच्या पूर्व भागावर ठाण मांडून बसली होती. शेजारी अटलांटिक समुद्र, त्यामानाने उबदार आणि ओला. दोघांची गाठ पडली की वादळ. आणि मधल्या दिवसांतही पारा शून्यावर चढेना, त्यामुळे आधीचा बर्फ वितळायच्या आत नवा येऊन बसे. 1934 नंतर बॉस्टनने इतका थंड महिना पाहिला नव्हता.

नात 6 फेब्रुवारीला झाली. रविवारी भुरभुरत्या बर्फातच तिला घरी आणलं. शेक-शेगडीचा प्रश्नच नव्हता. धुरी दिली तर स्मोक अलार्म बोंबलेल! रेडिएटरवर दुपटी वाळवायची आणि तीच गरम गरम बाळंतिणीच्या कमरेला लावायची, ही आमची शेगडी.

मंगळवारी, 10 तारखेला, बाळाच्या डोळ्यांत पिवळी झाक दिसली. दूध ओढेना, सारखी झोपेत. आमच्या घरी अशा वेळी बाळाला कोवळ्या उन्हात धरत. इथे ऊन कुठलं? दवाखान्यात फोन केला. नर्स शांतपणे म्हणाली, "उन्हावर अवलंबून राहू नका. रक्त तपासायला हवं, आजच घेऊन या."

आजच! पण आदल्या संध्याकाळपासून शहरातल्या सगळ्या ट्रेन आणि ट्राम बंद होत्या. गाडी रस्त्याकडेला उभी होती, पण दिसत नव्हती. वरून पडलेला बर्फ होताच, शिवाय बर्फ लोटणाऱ्या ट्रकने बाजूने कमरेएवढा बांध घातलेला, दगडासारखा घट्ट. जावई फावडं घेऊन खाली गेले. मी खिडकीतून बघत होते. अर्ध्या तासात जेमतेम एक आरसा वर आला.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे आजोबा स्वतःचं फावडं घेऊन बाहेर आले. सत्तरी ओलांडलेले. आमची त्यांची ओळख जिन्यात मान हलवण्यापुरती. मग पलीकडच्या घरातली दोन कॉलेजची मुलं आली. कोणी फार बोललं नाही. एकाने चाकांखाली मीठ टाकलं, एकाने काच खरवडली. तासाभरात गाडी मोकळी झाली.

नातीला एक रात्र निळ्या प्रकाशाखाली ठेवलं. कावीळ ज्या पिवळ्या द्रव्यामुळे होते, त्याचं रूप त्या प्रकाशाने बदलतं आणि ते शरीराबाहेर पडू शकतं. दुसऱ्या दिवशी ती भुकेने रडली. एवढं गोड रडणं मी पुन्हा ऐकलं नाही.

परतलो तर आमच्या मोकळ्या जागेत एक मोडकी खुर्ची ठेवलेली. बॉस्टनची ही रीतच. ज्याने बर्फ उपसला, जागा त्याची. खूण म्हणून खुर्ची, टोपली, काहीही. आमच्यासाठी ती आजोबांनी ठेवली होती. तिथला नियमही सांगतो, की बर्फ थांबल्यावर तीन तासांत आपल्या घरापुढचा फुटपाथ मोकळा करायचा. आजोबा शेजारच्या एकट्या बाईंचाही करत. मी डिंकाचे लाडू घेऊन गेले तेव्हा लेकीमार्फत विचारलंच, का हो एवढं? ते म्हणाले, "माझं फावडं तसंही बाहेर असतं." लाडू थंडीने इतका कडक झाला होता की त्यांनी आधी तो टेबलावर आपटून पाहिला!

त्या एका महिन्यात बॉस्टनवर 64.8 इंच बर्फ पडला. माझी उंची 61 इंच. म्हणजे मी उभीच्या उभी बुडाले असते. अख्ख्या हंगामात 110.6 इंच, आणि 1995-96 चा 107.6 इंचांचा विक्रम मोडला. हे आकडे मला पाठ आहेत, कारण नातीच्या वाढदिवसाला दर वर्षी कोणी ना कोणी ते काढतंच. पण तिला आकड्यांत रस नाही. तिला खुर्चीची गोष्ट हवी असते, आणि लाडू आपटण्याची.

शहराने उपसलेला बर्फ ट्रक भरभरून समुद्राजवळच्या एका मोकळ्या मैदानात नेऊन टाकला होता. तिथे सुमारे 75 फुटांचा डोंगर झाला. मी बेंगळुरूला परतले, उन्हाळा आला, आंबे आले, संपलेही. तो डोंगर काही संपेना. अखेर 14 जुलैला त्याचा शेवटचा तुकडा वितळला. त्याच आठवड्यात लेकीने व्हिडिओ कॉल लावला. पाच महिन्यांची नात दुपट्यावर पालथी पडून मान उंच करून बघत होती. शेजारी पंखा सुरू होता.