भिलाई : पोलादाच्या गावातून बस्तरच्या वाटेवर

मुंबई-हावडा मार्गावरची गाडी गोंदिया सोडून सालेकसा-दरेकसाच्या जंगलात शिरली, की महाराष्ट्र संपत आल्याची जाणीव होते. डोंगरगडच्या टेकडीवरचे बम्लेश्वरीचे मंदिर मागे पडते, राजनांदगाव जाते, दुर्ग येते आणि थोड्याच वेळात उंच धुराडी दिसू लागतात. हीच भिलाई. नागपूरपासून अवघ्या चार तासांच्या अंतरावरचे हे गाव विदर्भातील लोकांना तसे परके नाही. १९५६ पर्यंत या भागाची राजधानी नागपूरच होती. कोणाचे काका, कोणाची आत्या इथल्या पोलाद कारखान्याच्या नोकरीनिमित्त येऊन इथलीच झाली.

अशा घरांमध्ये दिवाळी किंवा मे महिन्याच्या सुट्टीत पाहुणे यायचे ठरले, की फोनवर एक प्रश्न हमखास विचारला जातो, ‘‘तिकडे सगळे शांत आहे ना?’’

भिलाईकर या प्रश्नाला सरावले आहेत. बस्तरच्या जंगलात सुरुंग फुटला, की बातमीत नाव येते छत्तीसगडचे. मग तीनशे किलोमीटर दूर असलेल्या भिलाईकडे निघालेले पाहुणेही तिकिटे रद्द करतात. अशांततेमुळे पर्यटनाला उतरती कळा लागते, असे आपण नेहमी वाचतो. पण तिचा भार नेमका कोणावर पडतो, हे पाहायचे असेल तर भिलाईहून बस्तरपर्यंतचा हा प्रवास करायला हवा.

मैत्रीतून उभे राहिलेले शहर

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि भाताच्या शेतांच्या जागी पोलाद कारखान्याची उभारणी सुरू झाली. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे आली. म्हणूनच भिलाईला ‘छोटा भारत’ म्हणतात. रुंद रस्ते, दुतर्फा झाडे, आखीव-रेखीव सेक्टर आणि प्रत्येक सेक्टरमध्ये शाळा, बाजार, मैदान. एकाच रांगेत तेलुगू, बंगाली, मल्याळी, पंजाबी आणि मराठी शेजारी गुण्यागोविंदाने राहतात. भारतीय रेल्वेचे रूळ प्रामुख्याने इथेच तयार होतात. त्यामुळे भिलाईला येणारा पाहुणा बहुधा भिलाईच्याच रुळांवरून येतो.

पाहुण्यांना सर्वांत आधी दाखवले जाते ते मैत्री बाग. भारत-सोव्हिएत मैत्रीचे प्रतीक म्हणून १९७२ मध्ये तयार झालेल्या या बागेत तलाव आहे, मुलांसाठी छोटी आगगाडी आहे आणि प्राणिसंग्रहालयही आहे. तिथल्या पांढऱ्या वाघांपुढे मुलांची गर्दी असते. १९९१ च्या अखेरीस सोव्हिएत संघ राहिला नाही. मैत्रीचे नाव मात्र बागेच्या फाटकावर कायम आहे.

जवळच देवबलोदा येथे कलचुरी काळातील शिवमंदिर आहे. पंडवानी गायनाला जगभर नेणाऱ्या तीजनबाई याच परिसरातील गनियारी गावच्या. त्यांनी भिलाईच्या कारखान्यात नोकरीही केली. २०१९ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. इथला मुक्काम एखाद्या छत्तीसगडी घरी असला, तर तांदळाच्या पिठाचा चीला, फरा आणि सणासुदीची ठेठरी-खुरमी चाखल्याशिवाय पाहुण्याची सुटका नसते.

भिलाईनेही झळ सोसली आहे

हे शांत शहर अशांततेपासून कायमच दूर राहिले, असे मात्र नाही. कारखान्याभोवती वाढलेल्या खाजगी उद्योगांतील कंत्राटी कामगारांनी १९९० च्या सुमारास योग्य वेतनासाठी आणि नोकरीच्या हमीसाठी लढा उभारला. त्याचे नेते शंकर गुहा नियोगी यांची २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे भिलाईतील घरात झोपेत गोळी घालून हत्या झाली. पुढे १ जुलै १९९२ रोजी पॉवर हाऊस स्थानकाजवळ रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात पंधराहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. आज त्याच स्थानकावर उतरून प्रवासी रिक्षा शोधतात.

त्या काळातून भिलाई सावरली. तिला सावरता आले, कारण कारखान्यातील हजारो कुटुंबांना महिन्याच्या महिन्याला पगार मिळत होता. बाजारात पैसा खेळत राहिला, शाळा चालू राहिल्या. पण ज्यांची चूल रोजच्या गिऱ्हाइकावर पेटते, त्यांना सावरायला वेळ मिळत नाही. हा फरक बस्तरमध्ये गेल्यावर डोळ्यांना दिसतो.

बस्तरची वाट

भिलाईहून धमतरी, कांकेर, केशकालचा नागमोडी घाट आणि कोंडागाव असे करत मोटारीने सात-आठ तासांत जगदलपूर गाठता येते. तिथून जवळच इंद्रावती नदीवर चित्रकोटचा धबधबा आहे. पावसाळ्यात नदी घोड्याच्या नालेच्या आकारात जवळजवळ तीनशे मीटर रुंद होऊन सुमारे ९५ फूट खाली झेपावते. हीच इंद्रावती पुढे गडचिरोली जिल्ह्यात भामरागडला पोचते, म्हणजे हे पाणी शेवटी आपल्याही अंगणात येते. दुसऱ्या दिशेला कांगेर खोरे राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे पायऱ्या-पायऱ्यांनी उतरणारा तीरथगडचा धबधबा आणि चुनखडीच्या लोलकांनी सजलेली कुटुमसरची गुहा आहे. शिवाय इथला दसरा पंचाहत्तर दिवस चालतो. त्यात रावणाचे दहन नसते. दंतेश्वरी देवीचा उत्सव असतो आणि गावोगावचे आदिवासी प्रचंड लाकडी रथ ओढतात.

एवढे सगळे असूनही भिलाईतील एक अख्खी पिढी चित्रकोट न पाहता मोठी झाली. कारखान्याच्या प्रवास सवलतीवर पुरी, काश्मीर, कन्याकुमारी झाली. पण सात-आठ तासांवरचे बस्तर राहून गेले.

त्याला कारणेही तशीच होती. २००५ मध्ये सलवा जुडूम सुरू झाल्यावर नक्षलवादी आणि त्यांच्या विरोधात उभ्या केलेल्या सशस्त्र गटांच्या कात्रीत गावेच्या गावे ओस पडली. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ही मोहीम बेकायदा ठरवली. ६ एप्रिल २०१० रोजी ताडमेटला येथे सुरक्षा दलांचे ७६ जवान मारले गेले. त्याच वर्षी १७ मे रोजी दंतेवाड्याकडे प्रवासी बस उडवण्यात आली. तिच्यात विशेष पोलिसांबरोबर सामान्य प्रवासीही होते. २५ मे २०१३ रोजी झीरम घाटीत काँग्रेस नेत्यांच्या ताफ्यावर हल्ला झाला. ही घाटी तीरथगड आणि कुटुमसरच्याच परिसरातली. अशा वेळी मुलाबाळांना घेऊन कोण जाणार? पाहुण्यांची भीती खोटी नव्हती.

पण बस्तर विभाग केरळ राज्याहूनही किंचित मोठा आहे. एका टोकाला गोळी झाडली गेली, की दुसऱ्या टोकाच्या गावातही पर्यटक येईनासे होतात. वर्तमानपत्रातल्या एका मथळ्यात सारे बस्तर एकच होऊन जाते.

भीतीची किंमत

पर्यटक येईनासे झाले, की मोठे हॉटेल काही खोल्या बंद करते, नोकर कमी करते आणि तग धरते. चित्रकोटला नाव वल्हवणाऱ्या माणसाला असे काही कमी करता येत नाही. कुटुमसरच्या अंधारात दिवा धरून पुढे चालणारा वाटाड्या, उकडलेली भुईमुगाची शेंग विकणारी बाई, जगदलपूरचा टॅक्सीवाला, या कोणालाच रिकामे दिवस भरून मिळत नाहीत. शेवटी माणसे तेलंगणात मिरचीच्या तोडणीला मजुरीसाठी जातात. घरची मुलेही बरोबर जातात आणि शाळा सुटते ती बहुधा कायमचीच.

कोंडागावच्या ढोकरा कारागिरांचे उदाहरण पाहा. आधी मातीचा साचा करायचा, त्यावर मेणाचे बारीक धागे गुंडाळून नक्षी काढायची, पुन्हा मातीचा लेप द्यायचा. मग भट्टीत मेण वितळून वाहून जाते आणि त्या पोकळीत पितळेचा रस ओततात. मूर्ती काढताना साचा फुटतो, म्हणून एकीसारखी दुसरी मूर्ती कधीच होत नाही. या कामात मेण आणि पितळ आधी रोखीने विकत घ्यावे लागते. दारात येणारा पर्यटक मूर्ती घेतो तेव्हा पैसा लगेच हाती पडतो. तो आला नाही, तर माल व्यापाऱ्याकडे जातो आणि भाव व्यापारी ठरवतो. दिल्ली-मुंबईच्या प्रदर्शनात ती मूर्ती महाग विकली जाते. पण कारागिराला त्याचा पत्ताही नसतो.

भिलाईलाही या अशांततेची झळ वेगळ्या वाटेने लागली. कारखान्याला लोहखनिज देणाऱ्या दल्ली-राजहराच्या खाणी आटू लागल्या होत्या आणि नवा साठा होता रावघाटच्या डोंगरात. तिथवर रेल्वेमार्ग नेण्याचे काम वर्षानुवर्षे रखडले. पुढे सशस्त्र जवानांच्या पहाऱ्यात रूळ टाकावे लागले. अंतागडपर्यंत प्रवासी गाडी पोचायला २०२२ साल उजाडले. रावघाटच्या आदिवासींच्या मनात मात्र प्रश्न आहेच, की खनिज गेल्यावर डोंगर आणि देवराई यांचे काय? तो प्रश्न बंदुकीने सुटणारा नाही.

नेपाळचा धडा

ही कहाणी एकट्या बस्तरची नाही. नेपाळमध्ये १९९६ साली माओवादी संघर्ष सुरू झाला आणि २००१ मध्ये राजवाड्यात हत्याकांड झाले. १९९९ साली तिथे सुमारे ४ लाख ९१ हजार परदेशी पर्यटक आले होते. २००२ मध्ये ही संख्या २ लाख ७५ हजारांवर आली. ज्या देशात डोंगरातील घरांना परदेशी पाहुण्यांचाच आधार, तिथे याचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगायला नको. ओझी वाहणाऱ्यांनी, चहाची टपरी चालवणाऱ्यांनी आखाती देशांची वाट धरली. नोव्हेंबर २००६ मध्ये शांतता करार झाला आणि पुढच्याच वर्षी पर्यटकांची संख्या ५ लाखांच्या पुढे गेली. पाहुणे लवकर परतले. परदेशी गेलेले मुलगे मात्र तितक्या लवकर परतले नाहीत.

पुन्हा वळणारी पावले

बस्तरमध्येही आता चित्र पालटते आहे. २०२० पासून जगदलपूरला प्रवासी विमाने येऊ लागली. कांगेर खोऱ्यातील धुडमारास या लहानशा आदिवासी गावाने स्वतःच पाहुणचाराची व्यवस्था उभी केली. गावातील मुले बांबूच्या तराफ्यावरून पाहुण्यांना कांगेर नदीत फिरवतात, घरोघरी जेवण मिळते आणि पैसा गावातच राहतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संस्थेने २०२४ मध्ये उत्कृष्ट पर्यटन ग्राम उपक्रमाच्या विकास कार्यक्रमासाठी या गावाची निवड केली. २०२५ च्या मे महिन्यात माओवाद्यांचा सर्वोच्च नेता चकमकीत मारला गेला आणि ऑक्टोबरमध्ये जगदलपूरला २१० माओवाद्यांनी शस्त्रे खाली ठेवली. लोकांच्या मनातली भीती ओसरायला मात्र आणखी वेळ लागेल.

सहकुटुंब जायचे असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम. धबधब्यांना पाणी असते आणि पावसाळ्यात बंद असलेली कुटुमसरची गुहा नोव्हेंबरच्या सुमारास खुली होते. एक-दोन दिवस भिलाईत काढून मोटारीने जगदलपूर गाठावे. जाण्यापूर्वी स्थानिक परिस्थितीची चौकशी जरूर करावी, रात्रीचा प्रवास टाळावा आणि आतल्या गावांत वाटाड्याशिवाय जाऊ नये. आदिवासींचे फोटो त्यांना विचारल्याशिवाय काढू नयेत. येताना कोंडागावला थांबून एखादी लहानशी मूर्ती कारागिराच्या हातूनच घ्यावी आणि फार घासाघीस करू नये. त्या पैशांत त्याचे पुढच्या मूर्तीचे पितळ येणार असते.

आणि भिलाईच्या नातेवाइकांनी पुढच्या सुट्टीत बोलावले, तर ‘सगळे शांत आहे ना’ हे अवश्य विचारावे. पण त्यांचे उत्तर ऐकून घ्यावे आणि मग तिकीट काढावे.