बिनशाईची लेखणी

अब्बा पेंटर होते. महागावच्या बाजारात एके काळी कितीतरी दुकानांचे बोर्ड त्यांच्या हातचे होते. मराठी अक्षरं ते पट्टीने आखून काढत. उर्दू मात्र थेट ब्रशने, एका दमात. पुढे फ्लेक्स आला आणि रंगाचे डबे माळ्यावर गेले. आता त्यांचा हात थरथरतो.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. फळ्यावर 'नून' काढला की मुलं विचारतात, "मॅडम, पुस्तकातला असा का नाही?" पुस्तकातला नून संगणकाचा. मिर्झा अहमद जमील यांनी हाताने लिहिलेल्या हजारो जोडाक्षरांवरून 1981 साली 'नूरी नस्तालीक' तयार झाली, 1994 मध्ये इनपेज आलं आणि कातिबांची गरज संपत गेली. छापील अक्षर देखणं असतं, पण हात कुठून निघाला, कुठे वळला, हे ते सांगत नाही. अक्षर उमटताना मुलांना दिसावं, म्हणून मला ग्राफिक्स टॅबलेट घ्यायचा होता.

स्क्रीनवाला टॅबलेट माझ्या पगारात बसणारा नव्हता. बिनस्क्रीनचा परवडत होता. त्यात हात टेबलावरच्या पाटीवर आणि नजर संगणकावर. नांदेडच्या दुकानदाराने आकडा ऐकवला, "8192 प्रेशर लेव्हल, मॅडम!" म्हणजे पेन जितकं दाबावं तितकी रेघ जाड होणार, आणि त्या जाडीच्या 8192 पायऱ्या.

न घेताच घरी आले आणि अब्बांना हे सांगितलं. ते हसले. "बेटा, नस्तालीक दाबून जाड होत नाही. बोरूचा कत तिरपा असतो. रेघेची दिशा बदलली की जाडी बदलते."

तिथेच माझा हिशेब बदलला. पेन बोटांत फिरवलं तर ते ओळखणारी पेनं थोडी आणि महाग. पण 'क्रिटा' या मोफत सॉफ्टवेअरमध्ये चपट्या ब्रशचा कोन पक्का करून ठेवता येतो. म्हणजे तिरपा कत फुकटात मिळाला. मग आकड्यांचा नाद सोडून मी जागा पाहिली. चार इंची छोट्या पाटीत फक्त मनगट हलतं; लांब 'बे' ओढायला कोपर मोकळं हवं. थोडे पैसे जास्त घालून दहा बाय सहा इंचांची पाटी घेतली. पेनला बॅटरी लागत नव्हती, हेही बरं झालं.

पहिल्याच दिवशी नूनचा दायरा चपटा आला. वाटलं, हातच बिघडला. पाटी आणि स्क्रीन यांच्या लांबी-रुंदीचं प्रमाण वेगळं होतं. सेटिंगमध्ये ते सारखं केल्यावर दायरा गोल झाला.

एका रात्री पेन अब्बांच्या हातात दिलं. थरथर लपावी म्हणून रेघ गुळगुळीत करणारी सोय मी आधीच चालू केली होती. नून सुरेख उमटला. अब्बा बराच वेळ पाहत राहिले, मग म्हणाले, "ये मेरा नहीं है."

मी ती सोय बंद केली. त्यांनी पुन्हा लिहिलं. रेघ कापरी होती, पण हात कुठे थांबला, कुठे वळला, सारं तिच्यात दिसत होतं. तोच नून मी रेकॉर्ड करून ठेवला. नव्या वर्गाला पहिल्या दिवशी तोच दाखवते.